संक्रांतीचं परत आलेलं वाण

माझ्या नवऱ्याला साधी गोष्ट साधी ठेवता येत नाही. जेद्दात कुणाकडे जेवायला जायचं असलं की मी शंकरपाळे स्टीलच्या डब्यात भरते. तो ते डब्यातून काढून काचेच्या बरणीत घालतो, बरणीला रिबीन बांधतो आणि वर आमच्या आडनावाची सुबक चिठ्ठी चिकटवतो. अल अझीझियात आमच्या इमारतीसमोर रस्ता ओलांडला की एक छपाईचं दुकान लागतं. खजुराच्या पेट्यांवरची लेबलं, लग्नातल्या भेटींवरची स्टिकर, अत्तराच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या, सगळं तिथे छापून मिळतं. तिथला मल्याळी कारागीर नवऱ्याला लांबून पाहूनच हात करतो. या छंदावरून मी त्याची वर्षानुवर्षं टिंगल केली आहे. आता करत नाही.

मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि नवरा बँकेत आहे. तो पुण्याचा, मी वर्ध्याकडच्या एका खेड्यातली. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. दादा शेती करतो. थोडकं रान, एक विहीर, एक बैलजोडी आणि गावातल्या प्रत्येकाशी वाद घालायची हौस. तो रडगाणं गाणाऱ्यातला नाही. त्याला कापूस कळतो, आणि आपल्याला कापूस कळतो हे दुसऱ्याला सांगायला तर त्याहून जास्त आवडतं. फोनवर मी "कसा आहेस?" म्हटलं की तो पऱ्हाटी, म्हणजे रानातला कापूस, कशी आहे ते सांगतो.

आमच्या घरात आईच्या वेळेपासून कापसाची एक जात राखलेली होती. आई उभ्या पिकातून फिरायची आणि जे झाड डोळ्यांत भरेल त्याला लाल चिंधी बांधायची. चिंधीच्या झाडांची बोंडं वेगळी वेचायची, त्यांची सरकी वेगळी काढायची, शेणात आणि राखेत घोळून वाळवायची, आणि पुढच्या पेरणीपर्यंत मडक्यात भरून ठेवायची. आईमागे दादाने तेच चालू ठेवलं. भोवतालच्या सगळ्या शिवारात कंपन्यांच्या पाकिटातला कापूस आला, अळीला आतूनच मारणारा. दादा मात्र मडक्यातलंच पेरायचा आणि पाकीटवाल्यांची चेष्टा करायचा.

मग एका वर्षी त्याचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. आपल्या काही झाडांना यंदा अळीच लागली नाही म्हणाला. "आपल्या झाडानं आपलं आपन शिकून घेतलं बाई!"

मी त्याला सांगितलं की झाडं अशी शिकत नसतात. शेजारच्या रानातल्या कंपनीच्या कापसाचा पराग मधमाश्यांनी आणून टाकला असेल आणि त्याबरोबर तो अळीचा जीनही आला असेल.

"येऊ दे ना मंग," दादा म्हणाला. "पाव्हना आला त हाकलून देतं का तू?"

त्याने त्या झाडांना चिंध्या बांधल्या. दुसरं काय करणार होता? चांगलं दिसेल त्याला चिंधी बांधायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं. अशा पाच-सहा हंगामांनंतर मडक्यातला कापूस जवळजवळ सगळाच अळीला न जुमानणारा झाला, आणि गावातल्या बाया वहिनीकडे मूठमूठ सरकी मागू लागल्या.

तेव्हा वहिनीच्या मनात आलं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच लुटावं. एरवी आमच्या गावात वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या, कंगवे, स्टीलच्या वाट्या लुटतात. प्रत्येक घरात अशा गाळण्या इतक्या झाल्यात की चहा कमी पडेल. वहिनी मला व्हिडिओ कॉलवर सांगत होती की वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून बायांना एकेक मूठ सरकी देईन. मागून नवऱ्याने ऐकलं.

"वहिनी, पुड्या कशाला? मी करतो ना व्यवस्थित," तो म्हणाला.

त्याने खरंच व्यवस्थित केलं. छोटी खाकी पाकिटं आणली. सोनेरी काठाचं स्टिकर, मध्ये उमललेलं बोंड, त्याच्यावर ठळक अक्षरांत माझ्या आईचं नाव आणि खाली 'अस्सल कापूस बियाणे'. आईच्या नावाच्या शेजारी, वरच्या बाजूला, गोलातलं बारीकसं इंग्रजी आर. तो आर त्या दुकानाच्या खजुराच्या लेबलात आधीपासूनच होता. मी विचारलं, हे काय? "राहू दे गं, प्रोफेशनल वाटतं," नवरा म्हणाला. मी पुढे काही बोलले नाही, कारण मी आईच्या नावाकडे बघत होते. आयुष्यात आईचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठेही छापलं गेलं नव्हतं. त्या हिवाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना मी ती स्टिकर सुटकेसमध्ये न टाकता हातातल्या पर्समध्ये घालून नेली.

हळदीकुंकू झोकात झालं. बायांनी पाकिटं कपाळाला लावून घेतली. "जेद्दावाल्या जवाईबापूंनी पाठवली" म्हणून दोघी-तिघींनी ती न फोडता देवाजवळ ठेवायचं जाहीर केलं. दादाने एक स्टिकर आपल्या मोटारसायकलीच्या टाकीवर चिकटवलं आणि त्यावरून रोज फडकं फिरवू लागला.

पुढच्या हंगामात बोंडं फुटली तेव्हा दोघेजण शेतावर आले. कापसाचे व्यापारी आहोत म्हणाले. दादाला कुणी कापसाबद्दल विचारलं की त्याच्या अंगात येतं. त्याने त्यांना अख्खी दुपार झाडं दाखवली, चिंध्या दाखवल्या, परागाचा आणि पाहुण्याचा किस्सा सांगितला. ते मोबाइलवर चित्रण करत होते तर याने टोपी सरळ करून घेतली. त्यांनी बोंडं मागितली, दिली. पाकीट मागितलं, तेही वहिनीने घरातून आणून दिलं. मागितलं आणि नाही म्हटलं असं आमच्या घरात होत नाही. चहा पिऊन ते गेले. जाताना त्यातल्या एकाने वहिनीच्या हातावर काही नोटा टेकवल्या. ती नको नको म्हणत होती, तर "पोरांसाठी खाऊ" म्हणून ठेवून गेला. वहिनीचा मुलगा नागपुरात नोकरी करतो.

आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी. त्या शुक्रवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी घातली होती आणि दादाचा कॉल आला. दादा फोन इतका जवळ धरतो की मला नेहमी त्याचं कपाळच दिसतं. त्या दिवशी त्याने आधी एक कागद दाखवला.

"बाई, कोर्टाचं आलं. तुहं बी नाव हाये यात."

शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत, म्हणून माझंही होतं. कंपनीचं म्हणणं असं, की आमच्या पेटंटचा जीन असलेलं बियाणं या माणसाने परवानगीशिवाय वाढवलं, आणि स्वतःचा ब्रँड काढून विकलं. पुरावा म्हणून सोनेरी काठाच्या पाकिटाचा फोटो जोडला होता, आणि त्या दोघा 'व्यापाऱ्यांनी' वहिनीच्या हातावर टेकवलेल्या नोटा म्हणजे त्याची किंमत. माझ्या आईचं नाव कोर्टाच्या कागदावर होतं, 'सदर ब्रँड' म्हणून. पोहे करपले. माझी मुलगी खोलीतून ओरडली, "मम्मा, समथिंग इज बर्निंग!"

दादाने वर्ध्याला एक वकीलबाई गाठल्या. चुणचुणीत, तोडून बोलणाऱ्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकाच कॉलवर घेतलं आणि सांगितलं, ते ऐकून आधी माझा जीव भांड्यात पडला. आपल्याकडच्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखता येतं, पेरता येतं, दुसऱ्याला देता येतं, विकतासुद्धा येतं. जीन वाऱ्याने आला की मधमाशीने, यावर कंपनीशी पोटभर भांडता येईल. हे सगळं आपल्या बाजूने आहे.

"फक्त एक गोष्ट करता येत नाही," त्या म्हणाल्या. "ब्रँडचं नाव घालून, पाकीटबंद करून विकता येत नाही. तुम्ही नेमकं तेच केलंय असं दिसतंय. हे लेबल कुणी केलं? आणि हा आर, नोंदणी केलेल्या ब्रँडची खूण, कशासाठी?"

माझ्या शेजारी बसलेला नवरा फोनच्या चौकटीतून हळूच बाहेर सरकला. मी ते पाहिलं. दादानेही पाहिलं असणार, कारण तो घाईघाईने म्हणाला, "ते आमच्या घरचंच काम हाये मॅडम, हौसेचं."

वकीलबाईंना हौस नको होती, प्रतिज्ञापत्र हवं होतं. ज्याने लेबल केलं त्याने जेद्दातल्या भारतीय वकिलातीत जाऊन शपथेवर लिहून द्यायचं की हे मी परदेशात भेटवस्तूसाठी छापलं, आर नमुन्यात होता म्हणून राहिला, विक्रीशी संबंध नाही. पुढच्या तारखेच्या आत मिळालं तर कंपनीचा ब्रँडचा मुद्दा बराचसा लुळा पडेल. नाही मिळालं तर अवघड आहे, मग कंपनी तडजोड म्हणते तिचा विचार करा. तडजोडीत काय? घरातलं सगळं बियाणं नष्ट करायचं आणि पुन्हा कधी बियाणं राखायचं नाही.

म्हणजे सगळं एका सहीवर येऊन थांबलं, आणि ती सही माझ्याच घरात होती.

कॉल संपल्यावर दादाने मला वेगळा फोन केला. "जवाईबापूले काई म्हनू नको. आपन जवायाले मांगत नसतो. पाहू आपलं आपन."

मी म्हटलं, "दादा, तो जावई असेल तुझा. माझा नवरा आहे."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, कधी जायचं वकिलातीत? तो बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे, म्हणजे बाकीच्यांनी काही लपवलं तर नाही ना हे बघणं त्याचं काम. दरवर्षी बँकेला लिहून द्यावं लागतं की माझ्यावर किंवा माझा संबंध असलेलं कुठलंही कोर्टाचं प्रकरण चालू नाही. प्रतिज्ञापत्र दिलं की त्याला ते जाहीर करावं लागणार होतं.

"पेटंट, बनावट ब्रँड, हे शब्द आमच्याकडे कसे वाचतात तुला माहीत नाही," तो म्हणाला. "इथे राहायचा इकामा नोकरीवर आहे. तुझा, माझा, तिची शाळा. मी नाही म्हणत नाहीये. मला आधी नीट विचारू दे."

"विचार," मी म्हटलं. "पण लवकर विचार."

त्याची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. इथे राहणाऱ्या कुणालाच ती खोटी वाटणार नाही. नोकरी गेली की माणसाने इथे मांडलेला सगळा संसार महिन्या-दोन महिन्यांत विमानतळावर उभा असतो. आधी इथल्याच खमीस मुशैत शहरात होतो तेव्हा आमच्या शेजारचं एक कुटुंब असंच गेलं होतं. त्यांच्या बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल तसेच राहिले होते. हे मला कळत होतं, आणि तरी मला नवऱ्याचा राग येत होता. बरणीला रिबीन बांधताना याला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

त्याने आधी बँकेतल्या एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. मग दुसऱ्याला. मग रमजान लागला. ऑफिसच्या वेळा बदलल्या, दुपारी सगळं शहर पेंगलेलं, वकिलातीची भेटीची वेळ मिळेना. मिळाली ती त्याच्या मीटिंगवर येत होती. मग ईद आली. प्रत्येक कारण खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. एकदा मुलगी जेवताना म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम इट वॉज अ टेम्प्लेट. सिंपल!" तो हसला आणि त्याने ताटात आणखी भात वाढून घेतला. मी इफ्तारच्या वेळी रस्त्यावर फुकट वाटतात ती खजुराची पाकिटं घरात आणायची बंद केली. त्यांवरचे सोनेरी काठ मला बघवत नव्हते.

आणि मग वहिनीचा फोन आला. वहिनी स्वतःहून फोन करत नाही. दादाने लावून दिला तर बोलते.

"ताई, बाया वाण वापस करून राह्यल्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

कंपनीने गावातल्या बायांना नोटिसा पाठवल्या होत्या. त्यांची नावं कशी मिळाली? दादाच्याच बोलण्यातून. त्या दुपारी चित्रण चालू असताना त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, हिला दिलं, तिला दिलं, पलीकडच्या आळीत सगळ्यांना दिलं. आता त्या बायांच्या घरी इंग्रजीतला कागद गेला होता, आणि त्यावरून कुणी म्हणालं शेत जप्त होईल, कुणी म्हणालं पोलीस येतील.

आमच्याकडे वाण परत करत नाहीत. गाळणी फुटकी निघाली तरी करत नाहीत. फार तर पुढच्या वर्षी तीच दुसरीला लुटतात आणि ती तिसरीला. पण घेतलेलं वाण देणारीच्या दारात आणून ठेवणं म्हणजे तुझ्या हातचं हळदीकुंकू आम्हाला नको, असं म्हणणं. आमच्या आजीच्या वेळीसुद्धा असं कुणी केलेलं मी ऐकलं नाही. पहिली बाई आली ती वहिनीची अगदी जवळची. पाकीट दारातल्या ओट्यावर ठेवलं आणि गेली. मग दुसरी आली. देवाजवळ ठेवलेली पाकिटं आली, त्यांवर कुंकवाची बोटं उमटलेली. ज्यांनी सरकी पेरून टाकली होती त्यांनी रिकामी पाकिटं आणून ठेवली. कुणी आत आलं नाही, वहिनीने पाणी विचारलं तर कुणी घेतलं नाही. "मी काय केलं वं ताई?" वहिनी सारखं म्हणत होती.

मी फोन स्पीकरवर टाकला होता. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. लॅपटॉप उघडून त्याने वकिलातीची मिळेल ती पहिली वेळ घेतली, आणि बँकेत मेल टाकला की मी त्या सकाळी येणार नाही, कारण कौटुंबिक आणि कायदेशीर आहे. 'कायदेशीर' हा शब्द त्याने टाळला असता तर चाललं असतं. त्याने टाळला नाही. त्या क्षणी मला तो पुन्हा आवडला.

वकिलातीत गर्दी होती. पासपोर्ट हरवलेले, मुखत्यारपत्र करायला आलेले, बाळाचा जन्म नोंदवायला आलेले. आमच्या पुढे एक तेलंगणातला ड्रायव्हर होता, त्याने नवऱ्याला हिंदीत विचारलं, "आपका क्या केस है भाई?" नवरा म्हणाला, "स्टिकर का." त्याला वाटलं हा थट्टा करतोय. खिडकीतल्या अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्र वाचलं, आर या अक्षरापाशी थांबला, वर बघितलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, हे सगळं खरं आहे? "हो, खरं आहे," नवरा म्हणाला. त्याने सही केली. शिक्का बसला. गाडीत बसल्यावर त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "झालं. खलास. आता होईल ते होईल."

मी तिथेच कागदाचा फोटो काढून वकीलबाईंना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला.

"तुम्हाला भावाने सांगितलं नाही का?" त्या म्हणाल्या. "त्यांनी परवाच तडजोडीवर सही केली."

गाडी चालू होती, एसी चालू होता. नवऱ्याने सगळं ऐकलं. त्याने गाडी बंद केली. मग मी दादाला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडले. आम्ही इथे रांगेत उभे होतो आणि तू तिकडे सही करून मोकळा झालास? मला विचारायचं तरी होतंस!

दादाने ओरडू दिलं. मग म्हणाला, "कोर्टात मी म्हातारा होईपर्यंत लढलो असतो बाई. मले त्यात मजाच आली असती, तुले त माहीतच हाये. पन ओट्यावर ते पाकिटं पडले होते. तुही वहिनी ते उचलून राह्यली नव्हती अन् मलेही उचलू देत नव्हती. येता-जाता त्याच्यावरूनच जा लागे. मी त्याईले म्हनलं, बायाईच्या नोटिसा वापस घ्या, बहिनीचं नाव काढा, काय पाह्यजे ते लिहून घ्या."

बियाणं कंपनीच्या माणसासमोर जाळायचं ठरलं होतं. दादाने विचारलं, बैलांना चारली तर चालेल का? सरकीच आहे, जनावरं आवडीने खातात. तो म्हणाला, नाही, जाळायचंच असं लिहिलंय. मग दादाने अंगणात मडकी रिकामी केली. सरकीत तेल असतं, तिला पेटायला वेळ लागत नाही. कंपनीचा माणूस चित्रण करत होता. दादा म्हणाला की या खेपेला मी टोपी काढून ठेवली होती.

त्या बाया आता पुन्हा वहिनीकडे येतात-जातात म्हणे. पण पहिल्यासारखं नाही. आणि त्यानंतर आलेल्या संक्रांतीला वहिनीने हळदीकुंकू केलं नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "तुझं चिकटवणं लवकर झालं आणि सही उशिरा." मला ते बोलायचं होतं आणि मी बोलले. त्याने मान खाली घातली. त्याच्या बँकेने पुढे काही केलं नाही. एक कागद भरून घेतला आणि विषय मिटला. हे कळलं तेव्हा मला जास्तच त्रास झाला. ज्याला घाबरून आम्ही सगळा रमजान घालवला ते एवढंच होतं. मी अजून त्याला पुरतं माफ केलेलं नाही आणि ते त्याला ठाऊक आहे. आम्ही एकत्र जेवतो, मुलीच्या शाळेत जातो, समुद्रावर फिरायला जातो. कधीतरी तो मध्येच म्हणतो, "मी तेव्हाच जायला हवं होतं." मी त्याला "जाऊ दे" म्हणत नाही.

पेरणीच्या दिवसांत दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी लॅबमध्ये होते, जेवणाची सुट्टी होती. या वेळी कपाळाऐवजी त्याचा पूर्ण चेहरा दिसत होता, मागे कृषी केंद्राच्या दुकानातली पोती. त्याच्या हातात कंपनीचं पाकीट होतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कापसाचं बियाणं विकत घेतलं होतं.

"याच्या मांगं बारीक इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून सांग बरं," तो म्हणाला. "दुकानवाला म्हनते, हे कोनी वाचत नाई, फाडून पेरतात. पन मी आता वाचल्याबिगर फाडत नाई."

मी म्हटलं, जवळ धर. त्याने धरलं. अक्षरं पुसट दिसत होती, मी त्याला दोनदा सरळ धरायला सांगितलं. मग मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. हे पाकीट फोडलं की खालच्या सगळ्या अटी मान्य केल्या असं धरलं जाईल. हे बियाणं एका हंगामापुरतं आहे. पिकातून निघालेली सरकी पुढच्या पेरणीसाठी राखायची नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

"कोनालेच नाई?" दादाने विचारलं. "बहिनीले बी?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मागे दुकानवाला दुसऱ्या कुणाशी तरी भाव करत होता. मला मेडिकलला घालायचं दादाने ठरवलं होतं. माझं लग्न त्याने जमवलं होतं. आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत थांबायचं की नाही हेही त्यानेच ठरवलं होतं. तो ठरवायचा आणि मला सांगायचा. मी आयुष्यभर त्यावरून त्याच्याशी भांडत आले.

"झालं वाचून?" तो म्हणाला.

"झालं."

"मंग फाडू का बाई?"

मला रडू आवरेना. त्याला दिसू नये म्हणून मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हटलं, "फाड दादा."